अंगावर उठलं ते

सिग्नल सुटायला अजून वेळ होता. शेजारी येऊन थांबलेल्या ऑटोतून एका चिमुरडीने हात बाहेर काढून यतीनच्या स्कूटरचा आरसा धरला आणि त्यात स्वतःकडे पाहून ती हसली. यतीनही हसला. आजारपणानंतर तो पहिल्यांदाच बाहेर पडला होता. ऊन, धूर, समोरच्या दुकानातली जिलबीची कढई, सगळंच त्याला जरा जास्त झळझळीत दिसत होतं, जणू डोळे कोणी धुऊन पुन्हा बसवले होते. मुलीला नीट दिसावं म्हणून आरसा वळवायला त्याने हात पुढे केला, आणि तेवढ्यात ऑटोतल्या बाईने मुलीचा हात झटक्यात आत ओढला. "छूना मत," ती म्हणाली. रागाने नाही, गरम तव्याजवळ गेलेल्या पोराला म्हणावं तसं. ती यतीनच्या चेहऱ्याकडे पाहतच नव्हती, त्याच्या हाताकडे पाहत होती. मग त्यानेही पाहिलं. बाही वर सरकली होती आणि मनगटापासून कोपरापर्यंत तांबडे ठिपके उठले होते. काही सुटे, काही एकमेकांत मिसळून चट्टे झालेले. दिसेपर्यंत खाज नव्हती. दिसल्याबरोबर सुटली.

इंदूरच्या राजवाडा बाजारात जायचं होतं, चष्म्याची काडी दुरुस्त करून आणायची होती, पण तो पुढच्या वळणावरून परत फिरला. सुदामा नगरपर्यंतचा रस्ता त्याने एका हाताने गाडी चालवत, दुसऱ्या हाताची बाही दातांनी खाली ओढत काटला. लाज कसली वाटते आहे, हे त्याला कळत नव्हतं. चोरी केली नव्हती. पण त्या बाईने पोरीला मागे ओढलं त्या ओढण्यात काहीतरी जुनं, ओळखीचं होतं आणि ते काय ते काही केल्या हाताला लागत नव्हतं.

दार सुनीताबाईंनी उघडलं. सुनीताबाई म्हणजे त्याच्या वडिलांची दुसरी बायको. त्याची आई गेली तेव्हा तो शाळेत नुकता रुळत होता, आणि पुढे दोनेक वर्षांनी ह्या घरात आल्या. बारीक अंगाच्या, शिक्षिका, कमी बोलणाऱ्या. पुढे त्यांची नोकरी इंदूरजवळच्या हातोदच्या शाळेत गेली, वडीलही निवृत्त होऊन तिकडेच राहिले आणि तिकडेच वारले. यतीन दिवाळीला जायचा, वर्षश्राद्धाला जायचा, फळं घेऊन जायचा. आताही त्याने त्यांना बोलावलं नव्हतं. ताप छातीत उतरला तेव्हा बायको, शिखा, पुण्यात होती. मुलीला, तन्वीला, नव्या हॉस्टेलमध्ये बसवून द्यायला गेली होती आणि तिचा पाय तिथून निघत नव्हता. तिनेच हातोदला फोन केला. दुसऱ्या सकाळी सुनीताबाई एक पिशवी आणि एक गोधडी घेऊन दारात उभ्या होत्या. त्यानंतरचे दिवस त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवत होते. पेजेचा वास. खिडकीला टांगलेली ओली चादर. कॉलनीतल्या डॉक्टरने दिलेल्या कॅप्सुलांची कडू ढेकर. आणि पायाशी कोणीतरी बसलेलं, कोमट तेल घेऊन तळपाय आणि पोटऱ्या चोळणारं. तापात त्याला वाटलं होतं, हे हात कोणाचे? हे आपल्या ओळखीचे नाहीत. आणि तरी ते थांबू नयेत असं वाटलं होतं, इतकं, की ते थांबले की तो मुद्दाम कण्हायचा.

"एवढ्यात आलास?" सुनीताबाई म्हणाल्या. "चक्कर आली का?"

"हे पाहिलं का?" त्याने बाही वर केली. "कधी उठलं असेल?"

त्यांनी हात धरला नाही. वाकून, हात पाठीमागे ठेवून पाहिलं, प्रदर्शनातली वस्तू पाहावी तसं. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी झरकन गेलं. "सकाळी नव्हतं रे," त्या म्हणाल्या. "सकाळी तर मी तेल…"

यतीन पीथमपूरच्या एका कारखान्यात होता. गाड्यांना लागणारी रबरी सीलं तिथे बनत. त्याचं काम म्हणजे परत आलेल्या मालाचं कारण शोधणं. चांगला चाललेला माल एकाएकी का बिघडतो? त्याने आपल्या हाताखालच्या लोकांना एकच प्रश्न विचारायला शिकवलं होतं: नवीन काय होतं? सगळं तेच असताना माल बिघडत नाही. माणूस बदलला, मशीन बदललं, पाणी बदललं, काहीतरी नवीन आत आलेलं असतं. ते शोधा, एकेक काढून बघा, बिघाड थांबला की समजा तेच. हा प्रश्न त्याला इतका सवयीचा झाला होता की घरातही तो तोच विचारायचा. दूध नासलं, नवीन काय होतं? तन्वीचे मार्क घसरले, नवीन काय होतं? शिखा त्यावरून त्याला हसायची. आता पलंगावर शर्ट काढून बसल्यावर पोटावर, पाठीवर, बगलेपाशी तांबूस नकाशे दिसले आणि त्याने स्वतःला तोच प्रश्न विचारला. औषध? ते तर संपलं होतं, सगळी पाकिटं रिकामी करून झाली होती, आणि घेत होतो तेव्हा काही झालं नव्हतं. साबण तोच. पाणी तेच. नवीन होती ती गोधडी.

"गोधडी नको वाटते," तो म्हणाला.

"रिठ्याने धुतली होती," सुनीताबाई म्हणाल्या. पण त्यांनी ती लगेच उचलली, घडी केली, पिशवीत घातली.

खाज थांबली नाही. आंघोळीनंतर ती जास्त व्हायची, गरम पाण्याचा तांब्या अंगावर पडला की कातडीखाली मुंग्यांचं वारूळ फुटायचं. नखं लावायची नाहीत असं ठरवून तो उशीवर पाठ घासायचा, दाराच्या चौकटीला खांदा घासायचा, गुरासारखा. आणि घासताना जे सुख व्हायचं त्याची नंतर किळस यायची. दुसऱ्या दिवशी त्याने मेथीचे लाडू बंद केले. त्या डब्याला मुद्दाम हातही न लावता त्याने म्हटलं, "उष्ण असतात ना." सुनीताबाईंनी डबा शेजारी मनीषकडे नेऊन दिला. मनीष संध्याकाळी चौकशीला आला तेव्हा तोंडात लाडूच होता. "अरे भिया, ये तो पित्त है," तो म्हणाला. "माझ्या साल्याला असंच झालं होतं. अमसूल लाव. और टेन्शन मत ले." अमसुलानेही काही झालं नाही. मग यतीन म्हणाला, "तेल आजपासून नको लावायला."

सुनीताबाई तेव्हा तेलाची वाटी गॅसवर धरून उभ्या होत्या. त्यांनी गॅस बंद केला. वाद घातला नाही, तिळाचं आहे, घाण्याचं आहे, असं काही म्हटलं नाही. वाटी पुसून जागेवर ठेवली. यतीनला वाटलं, ह्या रागावल्या तरी असत्या तर बरं झालं असतं. ह्या बाईचं हेच त्याला लहानपणापासून सलत आलं होतं. हिला राग येत नाही, लाडही येत नाही. शाळेतून आल्यावर खायला तयार असायचं, गृहपाठ तपासलेला असायचा, गणवेशाला इस्त्री असायची, पण हिने कधी केसांतून हात फिरवला नाही. पडून गुडघा फुटला तर ही डेटॉलची बाटली आणि कापूस टेबलावर ठेवून वडिलांना हाक मारायची. दुसऱ्या पोरांच्या आया त्यांचे कान ओढत, तोंड पुसत, रस्ता ओलांडताना मनगट आवळत. त्याच्याभोवती मात्र एक रिकामं कडं होतं, आणि त्या कड्याच्या बाहेरून ही त्याची सगळी कामं करायची. त्याने फार लवकर ठरवून टाकलं होतं, की सावत्र म्हणजे असंच असतं. छळत नाहीत. फक्त शिवत नाहीत. आणि एकदा ठरवल्यावर त्याला ते सोयीचंही झालं होतं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी शिखाचा फोन आला. तो दिवाणखान्यात होता. स्वयंपाकघरात सुनीताबाई पोळ्या लाटत होत्या.

"गेलं का ते?" शिखाने विचारलं.

"वाढलंय. मानेवर आलं."

"तूच म्हणतोस ना नेहमी, नवीन काय होतं? आता सोच ना."

"सगळं सोचून झालं. गोधडी बंद केली. लाडू बंद. तेल बंद." खाजेने तो वैतागला होता, आणि फोनवर तिला हसवायची त्याची जुनी सवय होती. "आता घरात नवीन म्हणजे एकच गोष्ट उरलीय."

शिखा हसली. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "हळू बोल रे. ऐकतील त्या."

लाटण्याचा आवाज थांबला होता. तो थांबलाय हे यतीनला तो पुन्हा सुरू झाल्यावर कळलं. त्याने उठून आत जायला हवं होतं. जाऊन पाणी मागायला, पोळीचा तुकडा मोडून तोंडात टाकायला, काहीतरी फालतू बोलायला. पण पाठ खाजत होती, शिखा तन्वीच्या मेसबद्दल सांगायला लागली होती, आणि त्याने स्वतःला सांगितलं, की एक्झॉस्ट फॅन चालू आहे, आत काही ऐकू गेलं नसेल. नंतर कितीदा तरी त्याला त्या फॅनची आठवण झाली. तो फॅन तन्वीच्या जाण्याआधीपासून बंद पडलेला होता.

सकाळी खाली कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली तेव्हा सुनीताबाई कचऱ्याच्या दोन्ही बादल्या देऊन वर आल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, "मी आज निघते रे. घर बंद पडलंय इतके दिवस. तुला आता ताप नाहीये, बाकी होईल हळूहळू." पिशवी भरलेलीच होती. तो म्हणाला, "गाडीने सोडलं असतं." त्या म्हणाल्या, "तू कशाला धुळीत येतोस? गंगवाल स्टँडवरून मिळते बस." जाताना त्यांनी फ्रिजमध्ये काय कुठे ठेवलंय ते सांगितलं. दारात चपला घालताना तोल जाऊ नये म्हणून भिंतीला हात टेकवला, आणि तो हात त्यांनी लगेच पदराला पुसला. हात असा का पुसतात, असं त्याच्या मनात आलं. हात भिंतीमुळे मळला म्हणून नव्हे, भिंत हातामुळे मळेल म्हणून, असं काहीसं ते होतं. पण त्याने तो विचार पुढे जाऊ दिला नाही.

आणि पुरळ ओसरलं. दोनतीन दिवसांत पोटावरचे चट्टे फिकट झाले, मानेवरचे सुकून कोंडा झाला. पुरावा इतका स्वच्छ होता की त्याला थोडं वाईटही वाटलं. काढून पाहिलं, बिघाड थांबला. तो कंपनीच्या बसने पीथमपूरला जायला लागला. शिखाला त्याने सांगितलं, "काही नाही, ते तेलच असणार. किंवा त्या कपडे ज्याने धुतात ते काहीतरी." बोलताना आपण 'तेल' वर जोर देतोय, फोनवरचं ते 'एकच गोष्ट उरलीय' पुसून काढायला, हे त्याला जाणवत होतं. मग हवा बदलली, सकाळी गार आणि दुपारी तापायला लागलं, आणि त्याचा घसा पुन्हा दुखू लागला. छातीत पुन्हा उतरू नये म्हणून त्याने वाटेतल्या केमिस्टकडून त्याच कॅप्सुला घेतल्या. मागे लागू पडल्या होत्या, डॉक्टरकडे पुन्हा कशाला?

दुसऱ्या दिवशी दुपारी, मीटिंगमध्ये, बाहेरगावचा ग्राहक समोर बसलेला असताना, त्याच्या तळहातांना आग लागली. मग कानांना. तो बाथरूममध्ये गेला आणि आरशात त्याला एक अनोळखी, सुजलेल्या पापण्यांचा, लाल चेहरा दिसला. शर्टाखाली अंग भाजल्यासारखं झालं होतं. आणि भीतीच्या आधी, दुखण्याच्याही आधी, त्याच्या मनात जे आलं ते हे होतं: पण त्या तर गेल्यात.

त्वचेच्या डॉक्टर तरुण होत्या, आर्या नावाच्या, साताऱ्याकडून नव्याने इंदूरला आलेल्या. त्यांचं मराठी ऐकून त्याला आपलं हिंदीने भरलेलं बोलणं उगीच ओशाळवाणं वाटलं. त्यांनी एक इंजेक्शन दिलं, जीभ आणि ओठ तपासले, श्वास घ्यायला त्रास होतो का ते पुन्हा पुन्हा विचारलं. सूज उतरायला लागल्यावर म्हणाल्या, "आता सुरुवातीपासून सांगा." त्याने तेलापासून सांगितलं, तापातल्या कॅप्सुलांचा उल्लेख ओझरताच केला.

"तेल कुठे लावत होत्या त्या?"

"तळपायांना. पोटऱ्यांना."

"आणि तेव्हा पुरळ कुठे होतं?"

"हात. पोट, पाठ. मग मान."

"पोटऱ्यांवर?"

यतीन खाली, आपल्या पायांकडे पाहत होता. इतके दिवस, आंघोळीला रोज, तो हे पाय पाहत होता. गुडघ्याच्या खाली एकही ठिपका उठला नव्हता. जिथे जिथे तेलाचा हात फिरला होता तेवढीच जागा नितळ राहिली होती. कारखान्यात एखाद्या पोराने असा अहवाल आणला असता तर त्याने तो त्याच्या अंगावर फेकला असता.

"त्या कॅप्सुला घेतल्यात का पुन्हा?" डॉक्टरांनी विचारलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरूनच त्यांना उत्तर कळलं. "हे त्यांचंच आहे. पहिल्या वेळी पुरळ उशिरा आलं. असं होतं, कोर्स संपल्यावरही काही दिवसांनी उठू शकतं, म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही. आणि मग ते आपोआप ओसरतंही. दुसऱ्यांदा घेतलंत तेव्हा लगेच आलं. यापुढे हे औषध आणि ह्याच्या जातीची औषधं तुम्ही कधीही घ्यायची नाहीत. कुठेही गेलात, डॉक्टरला आधी हे सांगायचं." मग सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "लहानपणी कधी असं झालं होतं का?"

"नाही," तो म्हणाला. आणि म्हणता म्हणता ते त्याच्या हाताला लागलं.

सुनीताबाई घरात येऊन फार महिने झाले नव्हते. त्याला टॉन्सिलचा ताप आला होता, दवाखान्यातून गुलाबी औषधाची बाटली आणली होती, तिची गोड चव त्याला आवडायची. ताप उतरला आणि अंग तांबड्या गांधींनी भरून गेलं. तेव्हा देवासहून शांताआत्या आली होती. तिने त्याला उघडा करून उजेडात फिरवला आणि वडिलांना म्हणाली, "हिचा हात लाभत नाही पोराला. नवी आली नि ह्याच्या अंगावर उठलं. काही दिवस लांब ठेव तिला." उलट बोलणं हे वडिलांच्या स्वभावातच नव्हतं. संध्याकाळी सुनीताबाई स्वयंपाकघरातून वाटी घेऊन बाहेर आल्या, तो त्यांच्याकडे जायला निघाला, आणि आत्याने त्याचा हात झटक्यात मागे ओढला. सिग्नलवरच्या ऑटोतलं, तेच ते ओढणं. दुसऱ्या दिवशी सुनीताबाई धारला भावाकडे गेल्या, आणि त्याचं अंग स्वच्छ झाल्यावर परत आल्या. त्या नव्हत्या तेव्हा त्याला करमलं नव्हतं. हे तो विसरून गेला होता. त्याला मुळीच करमलं नव्हतं, तो रोज संध्याकाळी फाटकाच्या आडव्या पट्टीवर उभा राहून झुलायचा आणि धारच्या बाजूने येणाऱ्या बसचे आवाज ओळखायचा. पण त्याने ते कोणाला सांगितलं नव्हतं, आणि त्या आल्या तेव्हा, आपण वाट पाहत होतो हे कळू नये म्हणून, तो आत जाऊन पुस्तक उघडून बसला होता.

रविवारी सकाळी तो हातोदला निघाला. फोन करून सांगता आलं असतं. नंबर लावला होता, रिंग जायच्या आत बंद केला. फोनवर सुरुवात कशी करायची? गांधीनगर मागे पडलं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन निघालेली शेतं लागली, कुठे नांगरलेली, कुठे लसूण लावणं चाललेलं, आणि गाडी चालवता चालवता त्याच्या लक्षात आलं की आपल्याला फोनवरच काय, कधीच सुरुवात करता आलेली नाही, कारण ह्या बाईला हाक मारायला आपल्यापाशी शब्दच नाही. दुसऱ्या लग्नानंतर वडील म्हणाले होते, आई म्हण. त्याने म्हटलं नव्हतं. काकू म्हणावं तर वडिलांना वाईट वाटलं असतं. मग त्याने काहीच न म्हणण्याची एक रीत काढली होती. 'जेवण झालं का?' 'सही हवी होती.' 'चहा मिळेल?' समोरच्या माणसाला न शिवता बनवलेली वाक्यं. वर्षानुवर्षं तो अशीच वाक्यं बनवत आला होता, इतक्या सफाईने, की शिखालाही कधी ते जाणवलं नव्हतं. घरात दुसऱ्या खोलीत असल्या तर तो त्यांना शोधत तिथपर्यंत जायचा. हाक मारायची वेळ येऊ नये म्हणून.

बाजारात ट्रॉल्यांची रांग होती, त्यातून वाट काढून तो गल्लीत आला. सुनीताबाई ओट्यावर ऊन घेत तूर निवडत बसल्या होत्या. त्या उठल्या. "अरे, तू? कळवलं नाहीस?" आणि पहिल्यांदा त्यांनी पाहिलं ते त्याच्या हातांकडे. "अजून पूर्ण गेलं नाहीये की." त्यांनी त्याला खुर्ची दिली आणि आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच आला नाही, आणि मागच्या दाराची कडी वाजली. परत आल्या तेव्हा त्या जरा धापा टाकत होत्या. त्यांच्या हातात कोपऱ्यावरच्या दुकानातला बिस्किटांचा पुडा होता आणि पाण्याची बंद बाटली. दोन्ही त्यांनी स्टुलावर ठेवलं, त्याच्या हातात दिलं नाही.

"घरातलंच चाललं असतं," तो म्हणाला.

"राहू दे. माझ्याकडचं नको आत्ता. एकदा पूर्ण जाऊ दे ते."

पुडा बंदच होता. त्यावरच्या कागदाची लाल पट्टी कुठून ओढायची ते तो पाहत राहिला. मग त्याने एकदम सांगून टाकलं. औषध होतं ते. कॅप्सुला. डॉक्टरांनी सांगितलं, नक्की तेच. तेलाचा काही संबंध नव्हता, उलट तेल लागलं तिथे एक डागही नव्हता. त्याला वाटलं होतं की हे ऐकून त्यांचा चेहरा उजळेल, किंवा निदान त्या त्याला काहीतरी ऐकवतील, त्या फोनबद्दल, आणि मग त्याला क्षमा मागता येईल. सुनीताबाई नुसत्या म्हणाल्या, "बरं झालं सापडलं. मतलब आता जपता येईल." आणि तुरीचं ताट पुन्हा मांडीवर घेतलं. एकदोन खडे काढले. मग हात ताटात तसाच ठेवून, त्याच्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "मग तेव्हाही औषधच असेल का रे?"

"तेव्हा?"

"तू लहान होतास. शांतावन्सं आल्या होत्या. तुला आठवत नसेल."

"आठवतं," तो म्हणाला.

"मी त्या दिवशी तुला हळद-बेसन लावून आंघोळ घातली होती. तापाने अंग कसंसंच झालं होतं तुझं. तूच लाव म्हणालास. पाठीला लावताना हसत होतास, गुदगुल्या होतात म्हणून." त्या थोडं हसल्या. "आणि दुपारी उठलंच सगळं. वन्सं बोलल्या ते मला लागलं, पण मला वाटलं, खरंच असेल तर? एकेकाचा हात नसतो लाभत. मग मी ठरवलं, करायचं सगळं, पण अंगाला हात नाही लावायचा. आधी जड गेलं. तू पडायचास, रडायचास. मग तू मोठा झालास, आणि सवय झाली." त्यांनी एक खडा काढून ओट्याखाली टाकला. "ह्या वेळी तापात तुझे पाय इतके गार पडले होते. वाटलं, आता काय होतंय, इतकी वर्षं झाली. तर लगेच…"

गल्लीतून एक ट्रॅक्टर गेला, आवाजाने काही बोलता येईना, आणि यतीनला त्या आवाजाचं बरं वाटलं. त्याच्याभोवतीचं ते रिकामं कडं. त्याचा त्याने केवढा अर्थ लावला होता. त्यावर आयुष्यभर घर बांधून राहिला होता. एका गुलाबी औषधाची बाटली, आणि तिच्या जागी एक माणूस धरलं गेलं, आणि ते माणूस स्वतःही ते खरं मानून, कोणाला न विचारता, लांब उभं राहिलं. तेव्हा कोणीतरी, वडिलांनी, आत्याने, त्याने, नुसतं विचारलं असतं. आता कारण सापडलं होतं आणि त्याचा काहीच उपयोग नव्हता. त्याचे केस पांढरे व्हायला लागले होते. केसांतून हात फिरवून घ्यायचं वय कुठल्या बसने निघून गेलं होतं.

ट्रॅक्टरचा आवाज लांब गेला. सुनीताबाईंनी ताट बाजूला ठेवलं, कण्हत उठल्या, आणि आत जायला वळल्या. आता त्या आत जातील, काहीतरी करायला लागतील, मग जेवणाची वेळ होईल, मग परत जायची. त्यांची पाठ दारातून अंधारात शिरत होती.

"आई," तो म्हणाला.

शब्द फार जुना, फार लहान आवाजात आला. स्वतःच्या कानालाही तो हाकेसारखा वाटला नाही. सुनीताबाई चौकटीत थांबल्या. वळून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा अगदी मऊ झाला.

"तिची आठवण आली का रे?" त्या म्हणाल्या. "येणारच. आजारपणात येतेच."

नाही, असं त्याला म्हणायचं होतं. ते अर्ध्यापर्यंत आलंही होतं. पण त्या त्याच्याकडे इतक्या समजुतीने पाहत होत्या, दुसऱ्या बाईसाठी इतक्या मनापासून जागा करून देत, की त्याला पुढचं वाक्य बनवताच आलं नाही.

"हो," तो म्हणाला.

"बस थोडा वेळ," सुनीताबाई म्हणाल्या. "मी चहा टाकते." आणि त्या आत गेल्या.